स्लूसचं फ्रेंच माहेर

आपल्याकडच्या धरणावर 'स्लूस गेट' म्हटलं की कुणालाच काही समजावावं लागत नाही. या स्लूसचं मूळ लॅटिन 'एक्स्क्लूसा'त आहे : अडवून बाहेर ठेवलेलं पाणी. त्याच शब्दाचं फ्रेंच रूप 'एक्लूज', म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याचं लॉक.

फ्रान्समधल्या यॉन नदीवर बोट वरच्या अंगाला नेताना लॉक ही शांत जागा वाटते. बोट दगडी हौदात शिरते, मागचे दरवाजे मिटतात. दोराचा एक वेढा काठावरच्या खुंटाला द्यायचा आणि पाणी चढेल तसा तो आवळत राहायचं. शेवाळलेली भिंत खाली खाली जाते आणि काठावरचं गवत डोळ्यांसमोर येतं.

पूर्वी इथे 'पेर्तुई' होते. बंधाऱ्यात लाकडांनी बंद केलेली एक अरुंद वाट असे. ती उघडली की तुंबलेलं पाणी उसळून निघे आणि त्या लोंढ्यावर नावा खाली जात. मोर्वां प्रदेशाच्या जंगलातलं सरपण तराफे बांधून याच पाण्यावरून जाई. पॅरिसच्या चुली कित्येक पिढ्या त्यावर पेटल्या.

दोन दरवाजांच्या हौदाची युक्ती मूळची फ्रान्सची नाही. चीनमध्ये ती 984 साली होती, इटलीत 15व्या शतकात. फ्रान्सने तिच्या जोरावर कालवा टेकडीपार नेला. 1604 मध्ये ह्यूग कोस्निए याने ब्रिआर कालव्याचं काम सुरू केलं आणि रोन्यीला सात लॉक जिन्यासारखी एकाला एक जोडली.

नदी मात्र कालव्यासारखी ऐकत नाही. बंधारा उंच आणि पक्का बांधावा तर पुराचं पाणी काठावर चढणार. न बांधावा तर उन्हाळ्यात बोट तळाला टेकणार. 1834 मध्ये शार्ल प्वारे याने यॉनवरच, बास्व्हीलला, यावर तोड काढली. नदीच्या तळावर लोखंडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांना टेकवून लाकडी दांडे शेजारी-शेजारी लावले. या दांड्यांना म्हणतात 'सुया'. पूर आला की सुया उपसायच्या, चौकटी तळाशी आडव्या पाडायच्या. नदीला वाट मोकळी. मला खरी कमाल या बंधाऱ्याची वाटते, कारण पेर्तुईच्या लाकडांतूनच तो घडला.

त्या ओल्या, जड सुया माणसांनी एकेक करून हातांनी काढल्या, पुन्हा लावल्या. लॉक सांभाळणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'एक्लूजिए' म्हणतात. कधी त्या नदीवर गेलात, तर दोर टाकण्याआधी त्याला 'बोंजूर' म्हणा.