कथनात्मक संशोधन

कथनात्मक संशोधन ही गुणात्मक संशोधनाची एक पद्धत आहे. व्यक्तीने स्वतःच्या अनुभवाविषयी केलेले कथन नोंदवून, काय सांगितले याबरोबरच ते कसे, कोणाला व कोणत्या परिस्थितीत सांगितले, याचा अभ्यास या पद्धतीत केला जातो. मुलाखती, जीवनकथा, आत्मचरित्रे, पत्रे व रोजनिशी ही तिची प्रमुख साधने होत.

विश्लेषणाचे प्रकार

विल्यम लबॉव्ह व जोशुआ वॅलेट्स्की यांनी १९६७ मध्ये मौखिक कथनाच्या रचनेचे विश्लेषण मांडले. पुढे सारांश, पार्श्वभूमी, घटनाक्रम, मूल्यमापन, परिणती व समारोप हे सहा घटक रूढ झाले. कॅथरीन रीसमन यांनी २००८ मधील ग्रंथात आशयप्रधान, रचनाप्रधान, संवादात्मक व दृश्य अशा चार प्रकारच्या विश्लेषणांची चर्चा केली आहे. नवोदित अभ्यासकास आशयप्रधान विश्लेषण तुलनेने सुलभ वाटते. मात्र कथनाचे विषयवार तुकडे केल्यास त्याचा क्रम व सूर हरवतो. म्हणून प्रत्येक कथन प्रथम अखंड वाचणे इष्ट ठरते.

सातारा-सांगलीतील उदाहरण

छोडो भारत आंदोलनाच्या काळात, १९४३ ते १९४६ दरम्यान, तत्कालीन सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार कार्यरत होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात समाविष्ट होता. चळवळ भूमिगत असल्याने शासकीय कागदपत्रांत तिचे चित्र प्रामुख्याने पोलीस व प्रशासनाच्या दृष्टीतून उमटते. त्यामुळे सहभागी व्यक्तींच्या कथनांना विशेष महत्त्व आहे.

पत्रकार पी. साईनाथ यांनी अशा काही व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा 'द लास्ट हीरोज' हा ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तूफान सेनेचे रामचंद्र श्रीपती लाड ऊर्फ कॅप्टन भाऊ यांनी ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडवून खजिना नेल्याच्या घटनेस 'लूट' म्हणण्यास आक्षेप घेतला. तो जनतेचाच पैसा परत आणला, अशी त्यांची भूमिका होती. घटनाक्रम तोच असूनही मूल्यमापन बदलल्याने कथनाचा अर्थ बदलतो, हे येथे स्पष्ट होते. 'पत्री सरकार' व 'प्रतिसरकार' या नावांच्या वापराकडेही याच दृष्टीने पाहता येते: पहिले नाव पायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेच्या आख्यायिकेशी जोडले जाते, तर दुसरे समांतर शासनाचा दावा करते.

विश्वसनीयता व नीतिमूल्ये

स्मृतीतील विसंगती हा केवळ दोष मानला जात नाही. इटलीतील तेर्नी येथे १९४९ मध्ये झालेला एका कामगाराचा मृत्यू अनेकांच्या आठवणीत १९५३ च्या संपाशी जोडला गेला होता. ही कालविसंगतीच अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी अर्थपूर्ण पुरावा म्हणून अभ्यासली. तथापि, तारखा व घटना अन्य साधनांशी ताडून पाहाव्या लागतात.

मुलाखतीपूर्वी संमती घेणे, नाव प्रकट करण्याबाबत निवेदकाची इच्छा जाणून घेणे आणि बोलीतील शब्द प्रमाण भाषेत न बदलता लिप्यंकन करणे, ही या पद्धतीची मूलभूत पथ्ये आहेत. वयोवृद्ध साक्षीदारांच्या निधनाबरोबर त्यांची न नोंदवलेली कथनेही कायमची नष्ट होतात. हौसाबाई पाटील यांचे २०२१ मध्ये व रामचंद्र लाड यांचे २०२२ मध्ये निधन झाले. अशा मुलाखती पुन्हा घेणे आता शक्य नाही.

हेही पाहा

मौखिक इतिहास
प्रतिसरकार
गुणात्मक संशोधन