युनिक्सचा दर्शनी चेहरा
युनिक्सच्या पडद्याला ठरावीक चेहरा नाही. याचे मूळ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेल्या 'एक्स विंडो' प्रणालीत आहे. ती पडद्यावर चौकटी उमटवते. त्यांची किनार, बटणे, मेनू कसे दिसावेत, हे मात्र अन्य प्रोग्रॅमवर सोपवते. साहजिकच प्रत्येक कंपनीचे युनिक्स निराळे दिसू लागले. अखेर १९९३ मध्ये सन, एचपी, आयबीएम आदी प्रतिस्पर्ध्यांनी 'सीडीई' हा समान डेस्कटॉप जाहीर केला. उठावदार बटणे, तळाशी जाड पट्टी. रूप काहीसे बोजडच. त्याच्या नावावर कोटी करीत १९९६ मध्ये 'केडीई' अवतरला. त्याचा पाया असलेल्या 'क्यूटी'चा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. मुक्त प्रणालीचा दर्शनी भागच परक्या अटींवर उभा राहणे अनेकांना धोक्याचे वाटले आणि १९९७ मध्ये 'ग्नोम' प्रकल्प सुरू झाला. २००० मध्ये क्यूटीला जीपीएल परवाना लाभला, तरी दोन्ही डेस्कटॉप वेगळेच राहिले.