पोटाला आराम, औषधाला बेडी

१/ १९४५ साली अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रायोगिक शेतातील माती न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली प्रयोगशाळेत पोहोचली. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी तिच्यातील सूक्ष्मजीवापासून सोनेरी रंगाचे प्रतिजैविक मिळवले. १९४८ मध्ये ते ‘ऑरिओमायसिन’ या नावाने जगापुढे आले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले औषध. लेडर्लीच्या संशोधनाची धुरा त्या काळात भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

२/ औषध प्रभावी होते, पण त्याने मळमळ होई. म्हणून डॉक्टर सोबत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे आम्लशामक देऊ लागले. रुग्णाचे पोट शांत झाले.

३/ १९५० मध्ये अमेरिकन संशोधकांनी रक्त तपासले, तेव्हा या उपायाची किंमत कळली. आम्लशामकासोबत घेतलेले औषध रक्तात फारच कमी उतरत होते. रुग्णाला बरे वाटत होते. जंतूंना मात्र अभय मिळत होते.

४/ असे का घडावे? १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ एड्रियन अल्बर्ट यांनी दाखवले की, या कुळातील औषधे धातूंच्या आयनांना घट्ट धरतात. या पकडीला ‘कीलेशन’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘कीली’ म्हणजे खेकड्याची नांगी. धातूला जखडलेला रेणू आतड्यातून रक्तात सहज शिरत नाही.

५/ दुधातील कॅल्शियमही हेच करते. १९७० मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी लोहाच्या गोळ्यांचाही तोच परिणाम नोंदवला.

६/ या नांगीच्या खुणा शरीरातही उरतात. वाढत्या वयातील मुलांच्या दातांतील कॅल्शियमला औषध चिकटते आणि दात पिवळे पडतात. १९८० मध्ये प्राचीन न्यूबियातील, म्हणजे आजच्या सुदानमधील, सुमारे चौथ्या शतकातील हाडे अतिनील प्रकाशात पिवळसर-हिरवी चमकताना आढळली. ती चमक टेट्रासायक्लिनची होती. आंबवलेल्या धान्यातील सूक्ष्मजीवांमुळे ते पोटात गेले असावे, असे अभ्यासक मानतात.

७/ लोह, कॅल्शियम, जस्ताच्या गोळ्या आज चिठ्ठीविना मिळतात. त्यांना कोणी ‘औषध’ मानत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. दोन गोळ्यांमध्ये काही तासांचे अंतर ठेवण्याच्या सूचनेमागे १९५० च्या त्या रक्ततपासणीचा धडा उभा आहे.