डेज फॉर गर्ल्स

पाळीमुळे मुलींची शाळा बुडू नये यासाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड शिवून देणारी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था. अमेरिकेतील सेलेस्ट मर्जेन्स यांनी २००८ मध्ये तिची सुरुवात केली. केनियात निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराच्या काळात त्या तेथील एका अनाथाश्रमासाठी काम करीत होत्या. पाळीच्या दिवसांत मुली खोलीतच, पुठ्ठ्यावर बसून राहतात, हे त्यांना कळले. प्रथम एकदा वापरून टाकायचे पॅड पाठवले गेले. पण ते टाकण्याची सोय नव्हती. त्यातून कापडी संचाची कल्पना पुढे आली.

संचातील मुख्य भाग दोन. पाणी न झिरपणारे अस्तर लावलेले कवच चड्डीभोवती गुंडाळून टिचबटणाने बसवतात. त्यावर फ्लॅनेलची घडी ठेवतात. ही घडी उलगडली की साधा चौकोनी रुमाल दिसतो. त्यामुळे ती चारचौघांत, उन्हात वाळत घालायला संकोच वाटत नाही. शिवाय गडद, नक्षीदार कापडावर डाग उठून दिसत नाहीत. मुलींचे अनुभव ऐकून आराखडा वेळोवेळी सुधारण्यात आला. सोबत नाडीची पिशवीही असते.

निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक गट कापड बेतणे, शिवणे, बटणे लावणे ही कामे वाटून घेतात. संचासोबत आरोग्यशिक्षण दिले जाते. युगांडा, नेपाळ यांसारख्या देशांत स्थानिक स्त्रियांना पॅड शिवण्याचे प्रशिक्षण मिळाल्याने या सेवाकार्याला रोजगाराचीही जोड मिळाली, हे त्याचे मोठे यश होय.