बेरजेच्या पलीकडचं अकोला

अकोला लोकसभा मतदारसंघातून तीन वेळा मुस्लिम खासदार निवडून आले आहेत, हे आजच्या तरुणांना सांगितलं तर खरं वाटत नाही. 1962 साली मोहम्मद मोहिबुल हक, मग 1967 आणि 1971 साली असगर हुसैन. शेजारच्या वाशीममधून 1980 आणि 1984 साली गुलाम नबी आझाद लोकसभेत गेले. ते तर थेट काश्मीरचे. त्यानंतर वऱ्हाडातून एकही मुस्लिम खासदार झालेला नाही.

हा विषय व्हॉट्सअॅपच्या एखाद्या ग्रुपवर निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, मतं फुटतात म्हणून हरतो, तेव्हा गुपचूप काँग्रेसला मत द्या. दुसरा म्हणतो, काँग्रेसने सत्तर वर्षं वापरून घेतलं, आता आपली कयादत हवी. वंचितसोबत जा नाहीतर एमआयएमसोबत. मग कोण कुणाची 'बी टीम' यावर रात्री दोनपर्यंत पोस्टी पडतात. दोन्ही बाजूंचा भरवसा बेरजेवर असतो. 2011 च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात मुस्लिम जवळपास 20 टक्के आणि बौद्ध 18 टक्के. झाली बेरीज, आला खासदार!

ही बेरीज निकालांशी ताडून पाहू. 2019 मध्ये भाजपचे संजय धोत्रे यांना सुमारे 5 लाख 54 हजार मतं मिळाली. प्रकाश आंबेडकरांना सुमारे 2 लाख 79 हजार आणि काँग्रेसचे हिदायत पटेल यांना 2 लाख 54 हजार. दोघांची मतं एकत्र केली तरी 5 लाख 33 हजारच होतात. म्हणजे त्या वर्षी मतं फुटली नसती तरी ही बेरीज कमीच पडली असती. 2024 मध्ये चित्र उलटं होतं. अनुप धोत्रे काँग्रेसच्या अभय पाटलांपेक्षा 40,626 मतांनी पुढे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं होती. एकाच मतदारसंघात, पाच वर्षांच्या अंतराने, 'मतविभाजन' हे उत्तर एकदा खोटं ठरलं आणि एकदा खरं. म्हणून मला वाटतं, मतं कशी विभागली याच्या आधी ती मतं तयार कशी होतात हे विचारायला हवं.

याचं उत्तर अकोल्याच्याच इतिहासात आहे. 1980 च्या दशकापासून प्रकाश आंबेडकरांनी या जिल्ह्यात बौद्ध मतदारांच्या पलीकडे जाऊन माळी, धनगर, बंजारा अशा समाजांना सोबत घेतलं. त्यातून उभा राहिला तो 'अकोला पॅटर्न'. बंजारा समाजाचे मखराम पवार 1990 साली मूर्तिजापूरमधून आमदार झाले. पुढे भारिप बहुजन महासंघाकडून धनगर समाजाचे हरिदास भदे आणि माळी समाजाचे बळीराम सिरस्कार प्रत्येकी दोनदा विधानसभेत गेले. जिल्हा परिषदेची सत्ता या पक्षाने अनेक वर्षं राखली. ज्या जातींना मोठ्या पक्षांत सतरंज्या उचलायचं काम मिळायचं, त्यांना इथे तिकीट मिळालं. तांड्यावरची बैठक, पंचायत समितीची उमेदवारी, कुणाच्या विहिरीचं प्रकरण, कुणाचा जातीचा दाखला, या कामांतून तो पक्ष बांधला गेला.

या बांधणीला मर्यादाही होती, ती झाकण्यात अर्थ नाही. 1998 साली काँग्रेसशी युती झाली तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे चारही नेते खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. त्यांत अकोल्यातून आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई होते. 1999 मध्ये अमरावतीची जागा शिवसेनेकडे गेली, अकोला टिकलं. 2004 पासून मात्र आंबेडकर अकोल्यातून प्रत्येक वेळी हरले. संघटना नसेल तर युती वाळूवर उभी राहते. पण नुसती संघटना जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचवते. दिल्लीसाठी सोबती लागतो. ग्रुपवरचे दोन्ही तट यातलं अर्धं अर्धं सत्य धरून भांडत असतात.

आता आपल्या समाजाकडे वळतो. मोहिबुल हक आणि असगर हुसैन निवडून आले तेव्हाही मुस्लिम अल्पसंख्यच होते. इतर समाजांची मतं त्यांना मिळाली, कारण त्यांच्यामागे गावोगाव पसरलेली काँग्रेसची यंत्रणा होती. ती यंत्रणा झिजत गेली आणि तिची जागा भरणारं आपलं काही उभं राहिलं नाही. मुस्लिम मतदार प्रत्येक पक्षाच्या हिशेबात आहे. बूथ सांभाळणारा, शेजारच्या बौद्धवाड्यातल्या आणि माळीपुऱ्यातल्या माणसाला नावाने ओळखणारा मुस्लिम कार्यकर्ता किती गावांत आहे?

हा प्रश्न केवळ खासदारकीचा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा बंद आणि दुसऱ्या दिवशी भाजपचा बंद, यांतून अमरावतीत हिंसा भडकली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. अशा दिवसांत फोनवरचा युक्तिवाद कामाला येत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन बोलू शकणारा, वकील गाठणारा, आजारी माणसाचं औषध पोहोचवणारा आणि पलीकडच्या गल्लीतल्या चार जणांना 'आधी माझं ऐका' म्हणू शकणारा माणूस लागतो. तो दंगलीच्या रात्री तयार होत नाही.

त्याला घडवणारी शाळा म्हणजे नगरपालिका, महापालिका, पंचायत. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं तिथे प्रशासकाचं राज्य होतं. नळ, नाली, दाखला यांसाठी नगरसेवकाचं दार वाजवायची सवयच मोडली. खालची पायरी बंद पडली तेव्हा आपली सगळी चर्चा थेट लोकसभेच्या गच्चीवर जाऊन बसली.

ऑनलाइन चर्चा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूर्वी नेत्याला प्रश्न विचारायला जलशाच्या मंचापर्यंत पोहोचावं लागे. आज वीस वर्षांचा मुलगा-मुलगी घरबसल्या विचारतात, हे चांगलंच आहे. पण 2024 मध्ये अकोला पश्चिममधून काँग्रेसचे साजिद खान पठाण 1,283 मतांनी निवडून आले, ही गोष्ट त्यांनी लक्षात ठेवावी. साजिद खान नगरसेवक राहिलेले, 2019 मध्ये थोडक्यात हरलेले. समोरच्यांच्या बंडखोरीचाही त्यांना फायदा झाला. पण बंडखोरीचा फायदा मैदानात आधीपासून उभा असलेल्यालाच होतो. आणि 1,283 मतं म्हणजे एखाद-दोन बूथ. मतदार यादीतून गळालेली नावं शोधायला, अर्ज भरून द्यायला आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना रिक्षात बसवून न्यायला दहा-वीस पोरं मिळाली, तर एवढी मतं इकडची तिकडे होतात.

पुढच्या वेळी कुणाला मत द्यायचं यावर भांडा, जरूर भांडा. त्याआधी आपल्या बूथची यादी एकदा काढून बघा आणि तिच्यातली किती घरं आपल्याला ओळखतात ते मोजा.