काय काढायचं, काय ठेवायचं: ड्रॅग रेसिंगच्या जुन्या गाड्यांच्या वजनाची गोष्ट

आजचा भाग वजनावर आहे. आपल्या नाही हो, गाड्यांच्या.

मी नाहूरला राहतो. आमच्याकडून एलबीएस रोड धरला आणि सरळ दक्षिणेला निघालं, की भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर करत कुर्ला येतं. तिथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये ही कंपनी काढली. आपल्याला प्रीमियर म्हटलं की पद्मिनी आठवते, काळी-पिवळी टॅक्सी आठवते. पण फियाटशी करार व्हायच्या आधी कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ गाड्या तयार व्हायच्या. हे नाव लक्षात ठेवा, कारण वजन कमी करण्याच्या खेळात पुढे याच क्रायस्लरने कमाल केली.

आधी ड्रॅग रेस म्हणजे काय ते बघू. सरळ रस्ता, दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुरुवात आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर. वळण नाही, दुसरी फेरी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घेऊन कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायची. इंजिनावर खर्च करायला पैसे नसायचे, मग पहिलं काम काय? मडगार्ड काढ, बंपर काढ, टप काढ. पाना फुकट आहे! पुढे 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली आणि रस्त्यावरचा हा उद्योग नियमांच्या चौकटीत आणला.

वजन काढून नेमकं मिळतं किती? एक सोपा ठोकताळा आहे. पाव मैलाचा वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे वजन 10 टक्के कमी केलं तर वेळ साधारण साडेतीन टक्के कमी होतो. आता पद्मिनी घ्या. वजन 900 किलोच्या आसपास, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. चालक धरून हिशोब केला तर पाव मैलाला 22 सेकंद लागतील. वजन 10 टक्क्यांनी उतरवलं तर पाऊण सेकंद वाचतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेवटच्या रेषेवर गाडी ताशी 100 किलोमीटरच्या आसपास असते. पाऊण सेकंद म्हणजे 20 मीटर. एकामागे एक उभ्या केलेल्या पाच पद्मिनी!

1960 च्या दशकात अमेरिकन कंपन्यांना कळलं, की रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी शोरूममध्ये विकली जाते. मग हे काम पोरांच्या गॅरेजमधून थेट कारखान्यात गेलं. पाँटियाकने 1963 मध्ये मोजक्या कॅटलिना गाड्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावले आणि चासीला शंभराहून जास्त भोकं पाडली. अक्षरशः चाळणी! त्याच वर्षी जनरल मोटर्सने रेसिंगमधून अंग काढून घेतलं आणि त्या गाड्या तेवढ्याच राहिल्या.

पुढच्या वर्षी फोर्डने थंडरबोल्ट आणली. साध्या फेअरलेन गाडीत 7 लिटरचं इंजिन कोंबलं. बॉनेट आणि पुढची मडगार्डं फायबरग्लासची, बाजूच्या काचा प्लास्टिकच्या. रेडिओ नाही, हीटर नाही, स्टेपनी नाही, उन्हाची झापड नाही, दाराला हात टेकायची सोयसुद्धा नाही. पण हीच मंडळी एक भलीमोठी, जड बॅटरी घेऊन डिकीत ठेवतात. का? गाडी मागच्या चाकांवर चालते. सुटताना मागच्या टायरवर भार नसेल तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि सगळी ताकद धुरात जाते. शिवाय नियमाने किमान 3200 पौंड, म्हणजे साधारण 1450 किलो वजन लागायचंच. आता नियमच किमान वजन मागतोय, तर ते वजन कुठे ठेवायचं हे तरी आपल्या हातात असतं ना!

आणि आता क्रायस्लर. तिथल्या इंजिनिअर मंडळींनी स्वतःचा एक क्लब काढला होता, रॅमचार्जर्स. त्यांची पहिली गाजलेली गाडी म्हणजे 1949 ची प्लिमथ. त्यांनी ती इतकी उंच उचलली, की बघणारे हसायचे. हेतू एकच, सुटताना भार मागे झुकावा. पुढे 1965 मध्ये क्रायस्लरने कहर केला. आख्खी बॉडी ॲसिडमध्ये बुडवून पत्रा पातळ केला. मागची चाकं जवळजवळ 38 सेंटिमीटर आणि पुढची 25 सेंटिमीटर पुढे सरकवली. वजन उतरलं आणि जे उरलं ते मागच्या चाकांवर आलं. गाडी इतकी विचित्र दिसायची, की लोक तिला फनी कार म्हणू लागले. आज ड्रॅग रेसिंगमध्ये त्या नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. 1968 च्या हेमी डार्टमध्ये तर काच वर-खाली करायचं हँडलही गेलं, त्याच्या जागी नुसता पट्टा. गाडीवर चिठ्ठी लावलेली असायची, की ही सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेली नाही.

पण पातळ करण्यालाही हद्द असते. 8 मार्च 1970 ला डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा पंजा अर्धा गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स चालकाच्या पुढ्यात, असा तो साचा होता. बरे झाल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेलं, पुढच्याच वर्षी जिंकून दाखवलं आणि हळूहळू सगळ्यांनी तीच रचना उचलली. आज वेगवान गाड्यांना क्लचभोवती जाड पोलादी कवच आणि आत पाइपांचा पिंजरा सक्तीचा आहे. म्हणजे साठच्या दशकात किलो किलो करून जे काढलं, त्यातलं काही माणसाला वाचवायला परत आत आलं. आणि त्यावर कुणीही तक्रार करत नाही.

आता परत कुर्ल्याला येऊ. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. ज्या उरल्यात त्या मोजक्या खाजगी हातांत आहेत, आणि त्यातली एखादी घेऊन हलकी करायची, ड्रॅग रेसला न्यायची, असं कुणाच्याही मनात येऊ शकतं. माझ्याही येतं.

पण पाँटियाकची युक्ती इथे चालणार नाही. कॅटलिनाला वेगळी चासी होती. पद्मिनीला तशी चासी नाहीच. तिचा तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छत हे सगळं वेल्डिंगने एक झालेलं आहे आणि तेच तिचा कणा आहे. तिथे ड्रिल लावलंत तर वजन जाईल थोडंसं आणि ताकद जाईल बरीच. आधीच मुंबईच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने तिचा तळ खाल्लेला असतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. पान्याने निघतं ते काढा. बंपर, मागची सीट, स्टेपनी, जॅक, कार्पेट, टपावरचा कॅरियर. प्रत्येक गोष्ट काढताना वजन करा, लिहून ठेवा, नाव घालून खोक्यात ठेवा. बॅटरी डिकीत न्या, नीट आवळून. ब्रेक, पट्टा आणि पुढची काच यांना हात लावू नका. आणि कटर किंवा ॲसिड लागेल असं काम करूच नका. फोर्डला फेअरलेन रोज नवीन मिळत होती. कुर्ल्याहून आता पद्मिनी येणार नाही.

गाडी पळवायची तर लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन झालेली आहे. अशी बंद जागा, रुग्णवाहिका आणि वेळ मोजणारं यंत्र असेल तिथेच जा. रात्री दोनला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नाही, तिथे समोरचा माणूस तुमच्या शर्यतीत नसतो.

जाता जाता एक गंमत. आज एखादी थंडरबोल्ट खरी की नक्कल हे तपासताना जाणकार तिच्यात काय नाही तेही बघतात. नसलेला हीटर, नसलेली झापड. कारखान्याने काढलेल्या वस्तूंनी तिची ओळख बनली. पद्मिनीची ओळख मात्र तिच्यात अजून जे शिल्लक आहे त्यात आहे, तेव्हा खोकं जपून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडीतून ऐकत असाल तर डाव्या लेनमध्ये, आरामात!