मास्तरांचा चेंडू

पारोळ्याच्या बाजूला एखाद्या गावी संध्याकाळी जा. शाळा सुटलेली असते, दप्तरं ओट्यावर पडलेली असतात आणि पोरं मोकळ्या जागेत गोळा झालेली असतात. कधी हुतुतू, कधी विटीदांडू, कधी क्रिकेट. आणि पाऊस पडून जमीन मऊ झाली, की कुणीतरी एक चेंडू काढतो आणि त्याच्यामागे वीसपंचवीस पोरं एकदम धावत सुटतात. जिकडे चेंडू तिकडे सगळा घोळका! बघणारा हसतो आणि पुढे जातो. पण या घोळक्याकडे पाहून न हसता विचार करीत उभा राहिलेला एक शाळामास्तर आपल्या देशात होऊन गेला. आजची गोष्ट त्याची आहे.

त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. जन्म हैद्राबादचा, १९०९ सालचा. त्या काळी आपल्या मराठवाड्याचे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली हैद्राबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि औरंगाबाद, बीड, नांदेडकडचे कितीतरी मराठी विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी तिथे जात. त्याच विद्यापीठात रहीम शिकले, तिथल्याच फुटबॉल संघातून खेळले. पुढे सिटी कॉलेजच्या आजीमाजी विद्यार्थ्यांचा 'इलेव्हन हंटर्स' नावाचा संघ होता, त्यातही ते खेळत. कॉलेजातला खेळ पुष्कळांचा पदवीबरोबर संपतो. पदवी भिंतीवर लागते आणि बूट माळ्यावर जातात. रहीमांचं तसं झालं नाही. ते बी. ए. झाले, शाळेत मास्तर झाले आणि खेळाचा नाद त्यांनी वर्गाबाहेरचा वर्ग केला.

आता त्या वेळची फुटबॉलची स्थिती पाहा. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. साहेबांनी सुरू केले आणि साहेबांच्या पलटणींनीच ते जिंकावे, असा जणू रिवाज पडला. १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. त्या विजयाचा आनंद नुसत्या खेळाचा नव्हता, हे सांगायला नको. पण रोव्हर्स चषक हिंदी संघाच्या हाती लागायला १९३७ साल उजाडलं. त्या साली बंगलोर मुस्लिम संघाने तो जिंकला. म्हणजे सेहेचाळीस वर्षं गेली!

अशा चषकासाठी १९५० साली रहीम मास्तरांचा हैद्राबाद सिटी पोलीस संघ मुंबईला आला आणि चषक घेऊन गेला. पुढच्या साली पुन्हा आला, पुन्हा घेऊन गेला. १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षं तो चषक हैद्राबादेस राहिला. पोलिसांचा संघ, म्हणजे दांडगाईचा खेळ असेल, असं कुणाला वाटेल. पण तसं मुळीच नव्हतं. हा संघ गाजला तो चेंडू एकमेकांकडे झटपट देण्याबद्दल.

हे मास्तरांनी साधलं कसं? शिक्षक मंडळींनी इथे जरा कान द्यावा. आपल्याकडच्या खेळाडूंना चेंडू पायाशी घोळवीत एकट्यानेच पुढे नेण्याची मोठी हौस. बघणारे टाळ्या वाजवतात, पण गोल होत नाही. रहीमांनी असे सामने भरवले, की ज्यांत चेंडू घोळवीत नेण्याला बंदीच होती. मिळाला, की दुसऱ्याला द्यायचा. आणखी एक गंमत केली. ज्याचा उजवा पाय सराईत, त्याने डाव्याने खेळायचं. ज्याचा डावा, त्याने उजव्याने. दुबळा पाय असा कामाला लावला, की पुढे दोन्ही पाय सारखे चालतात. यात खर्च काय आला? काही नाही. एक चेंडू आणि एक नियम! पण नियमात विचार होता. जो मुलगा पाढे म्हणताना नेमका जिथे अडतो, तिथेच त्याला बसवणारा मास्तर जे करतो, तेच हे.

पुढे देशाचा संघ त्यांच्या हाती आला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत इराणला एका गोलने हरवून आपण सुवर्णपदक मिळवलं. पण पुढच्याच साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपला एक. आपले बरेच गडी अनवाणी. हार मोठी होती. तिच्यातून शिकण्यासारखं होतं ते असं, की नुसत्या सवयीच्या अभिमानाने जगाशी सामना होत नाही. मग आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट आले, खेळाची मांडणी बदलली.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबोर्नला काय झालं? १ नोव्हेंबरला इकडे मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले होते. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मुंबईच्या मैदानांवर तयार झालेल्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय गड्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले. आपण तो सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा आशियातला तो पहिला देश. पुढे युगोस्लाव्हियाशी आणि बल्गेरियाशी हरून चौथा नंबर आला. पण चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला हाच देश, हे विसरू नका.

शेवटचा प्रसंग १९६२ सालचा, जकार्ताचा. मास्तरांना कर्करोगाने ग्रासलं होतं. स्पर्धेची सुरुवातच दक्षिण कोरियाकडून दोन गोलांच्या पराभवाने झाली. मग थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनाम यांना हरवीत संघ अंतिम सामन्याला आला. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया! प्रेक्षक आपल्या विरुद्ध ओरडत होते. जर्नेलसिंग हा पंजाबातल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजातून पुढे आलेला खेळाडू. जागा बचावाची, आणि डोक्याला टाके पडलेले. रहीमांनी त्याला मागे न ठेवता आघाडीला घातलं. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, जर्नेलसिंगने दुसरा. ४ सप्टेंबरला दोन विरुद्ध एक असा सामना जिंकून सुवर्णपदक आपल्याकडे आलं. आशियाई फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर आजवर आपल्याला मिळालेलं नाही. पुढल्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, मास्तर गेले.

मास्तर गेले, तरी मास्तरकी संपत नाही. २००१ सालची नागपूरची गोष्ट घ्या. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. त्यांनी पोरांना चेंडू दिला, सामने भरवले. कॉलेजच्या मैदानाची दारं ज्यांना कधी उघडली नसती, अशी मुलं त्यातून पुढे परदेशांत खेळून आली. रहीमांना घोळक्यात संघ दिसला, बारशांना बादलीत चेंडू दिसला. पाहणारा डोळा एकच, शिक्षकाचा.

हे आपल्या खानदेशाला नवीन नाही. पारोळ्याहून जवळच अमळनेर. तिथल्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी मास्तर होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढीत होते. साधन काय, तर कागद आणि शाई.

म्हणून गुरुजनांना एकच विनंती. परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकातला खेळाचा तास पहिल्यांदा कापला जातो. तो कापू नका. मैदान नाही म्हणून अडू नका. पिकं निघाल्यावर रिकामं शेतही चालतं. मात्र चेंडू टाकून वर्तमानपत्र वाचत बसू नका. एक नियम घाला: मिळाला, की दुसऱ्याला द्यायचा. पहिले चार दिवस पोरं कुरकुरतील. पाचव्या दिवशी घोळका मोडेल आणि त्या जागी संघ उभा राहील. एवढं जमलं, तर पदक मिळो न मिळो, गावाचं काम झालंच म्हणून समजा.